कोपरांना लागणारी जागा

मोतीराम भोये वर्गात कमरेवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले की पहिल्या बाकावरची पोरं मागे सरकायची. राग आला म्हणून ते असे उभे राहत नसत. राग आला की ते उलट खुर्चीत बसत, खिशातून खडूची डबी काढत आणि आतले तुकडे मोजत. कमरेवर हात म्हणजे रसायनशास्त्र. ते त्या वेळी माणूस नसत, रेणू असत.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्यांची नोकरी गेली ती असं उभं राहिल्याने. निदान कागदावर तरी.

आमच्या कॉलेजला पन्नास वर्षं होत आहेत. स्मरणिका निघणार आहे. तिचा संपादक माझा जुना विद्यार्थी. त्याने फोन केला, "सर, रसायन विभागातल्या जुन्या सहकाऱ्यांवर चार ओळी लिहा. नावांची यादी पाठवतो." यादीत भोये नव्हते. मी विचारलं तर म्हणाला, "ते कायम कुठे झाले होते सर? आणि त्यांचं ते प्रकरण झालं होतं ना, मार्क वाढवल्याचं." मग म्हणाला, "गेले म्हणे ते. झाली तीन-चार वर्षं."

ते गेल्याचं मला माहीत नव्हतं. मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. ते प्रकरण काय होतं हे सांगू शकेल असा आता मी एकटाच उरलो आहे. स्मरणिकेत हे छापतील असं वाटत नाही. तरी लिहितो.

भोये आमच्याकडे आले ते नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर. सुरगाण्याच्याही पलीकडचं गाव. आश्रमशाळेत शिकून, पुढे नाशिकला वसतिगृहात राहून एम. एस्सी. झालेले. उंची बेताची, शर्ट दोनच. एक फिकट निळा आणि दुसरा तोच रंग, पण जास्त फिकट. मखमलाबादला एक खोली घेतली होती, तिथून सायकलने गंगापूर रोडला यायचे. जागा राखीव होती. मुलाखतीत मी विभागप्रमुख म्हणून बसलो होतो. त्यांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, आणि एका प्रश्नात माझीच चूक होती तीही दाखवली. ते रुजू झाले त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये सांगितलं, "भरायची होती म्हणून भरली जागा. आता शिकवायचं आपल्यालाच आहे." भोये दारात उभे होते. त्यांना हजेरीपट कुठे मिळतो ते विचारायचं होतं. त्यांनी ते विचारलं, मी दाखवलं, आणि ते गेले.

त्यांचा डबा हा आमचा रोजचा खेळ होता. नागलीची काळी भाकरी, उडदाचं काहीतरी, सुक्या मिरचीचा ठेचा. पहिल्याच आठवड्यात मी म्हणालो, "खिडकी उघडा रे कुणीतरी, भोयेंचा डबा उघडतोय." सगळे हसले. दुसऱ्या दिवशीपासून भोये मधल्या सुट्टीत आले की आधी स्वतः खिडकी उघडायचे, कडी नीट अडकवायचे, आणि मग डबा घेऊन बसायचे. आमच्यातला कुणीतरी एकदा म्हणाला, "अहो, थंडी वाजते, राहू द्या बंद." तेव्हा भोये शांतपणे म्हणाले, "निकम सरांना त्रास होतो." जवळजवळ दोन वर्षं त्यांनी रोज ती खिडकी उघडली. मी पुन्हा काही बोललो नव्हतो तरीही.

त्यांची एक सवय होती. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देण्याआधी उजव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या बोटांच्या पेरांवरून फिरायचा. बस किती वाजता आहे, असं विचारलं तरी आधी अंगठा फिरायचा. पोरांना ते एकच सांगायचे, "आधी मोज, मग बोल."

रेणूंचे आकार हा बारावीच्या परीक्षेचा हमखास प्रश्न. मधल्या अणूभोवती इलेक्ट्रॉनांच्या जोड्या असतात. त्या एकमेकींना ढकलतात आणि जमेल तितक्या लांब जाऊन थांबतात. त्यावरून रेणूचा आकार ठरतो. काही जोड्या दुसऱ्या अणूला बांधलेल्या असतात, काही मोकळ्या, कुणाशीच न बांधलेल्या. मी हे दहा मिनिटांत उरकायचो. फळ्यावर तक्ता काढायचो. दोन बंध असतील तर सरळ रेषा, तीन असतील तर सपाट त्रिकोण, चार असतील तर चतुष्फलक. अपवाद म्हणून खाली अमोनिया आणि पाणी. "पाठ करा, दोन मार्क खिशात." माझ्या नोट्स झेरॉक्स होऊन अर्ध्या गंगापूर रोडवर फिरायच्या. क्लासवालेही त्याच वापरायचे. मला त्याचा अभिमान होता.

भोयेंना आम्ही ड तुकडी दिली होती. म्हणजे शेवटच्या यादीत प्रवेश मिळालेली पोरं. पेठ, त्र्यंबक, दिंडोरीकडची, आश्रमशाळांतून आलेली, पुढच्या बाकावर बसायला लाजणारी. एकदा त्यांच्या वर्गावरून जाताना आतून खूप आवाज आला म्हणून मी दाराशी थांबलो. बाकं भिंतीला लावली होती. मध्ये एक मुलगा उभा, तो नायट्रोजन. त्याच्या पाठीला पाठ लावून चौघं उभी होती. तिघांनी हात पुढे करून आणखी एकेकाचा हात धरला होता, ते हायड्रोजन. चौथ्याला हात धरायला कुणीच नव्हतं.

"तू मोकळा," भोये त्याला म्हणाले. "कमरेवर हात ठेव. कोपर बाहेर."

"सर, ईठोबा झाला," मागून कुणीतरी बोललं.

"होऊ दे. आता सगळ्यांनी सरका. त्याचे कोपर लागतात की नाही?"

"लागत्यात सर, लय लागत्यात."

"म्हणजे काय झालं? बांधलेल्याचे हात गुंतलेले. तो जागा काय मागणार? मोकळा असतो तो जास्त जागा खातो. बाकीचे तिघं बघ कसे जवळ आले. आकाराचं नाव देताना हा मोकळा कुणी धरत नाही. पण आकार याच्यामुळंच आलाय."

पाण्याच्या वेळी दोघं कमरेवर हात ठेवून उभे राहिले. तुकडीत माणसं कमी असली की भोये स्वतःच रेणू व्हायचे.

मी स्टाफरूममध्ये जाऊन ते करून दाखवलं. माझ्या अंगात नक्कल होती. ढोपरं वाकवून, पोट आत घेऊन, त्यांच्या आवाजात "तू मोकळा" असं म्हणत मी कमरेवर हात ठेवून गोल फिरलो. सगळे पोट धरून हसत होते. एकेक करून त्यांचं हसू थांबलं तेव्हा मी मागे वळलो. भोये खिडकीची कडी अडकवत होते. ते जवळ आले, मला नीट पाहिलं आणि म्हणाले, "सर, कोपर आणखी बाहेर काढा. तेच तर बाकीच्यांना ढकलतात." माझे कोपर दोन बोटांनी धरून त्यांनी बाहेर ओढलेही. मग जाऊन डबा उघडला.

त्यांनी हे चेष्टेने केलं की मनापासून, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक मनापासून. चुकीचा आकार त्यांना बघवत नसे.

भोये फार प्रेमळ होते असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसाला गोड करायची आपल्याकडे रीत आहे, पण ते तसे नव्हते. त्र्यंबककडची एक मुलगी, अंगाने काटकुळी, तिने एकदा अमोनियाचा आकार पटकन बरोबर सांगितला. भोयेंनी विचारलं, "कसं मोजलंस?" ती म्हणाली, "पाठ हाय सर." भोये म्हणाले, "मग शून्य." चाचणीत तिला खरोखर शून्य दिलं. ती रडत माझ्याकडे आली. मी भोयेंना म्हणालो, "अहो, उत्तर बरोबर आहे." ते म्हणाले, "उत्तर बरोबर आहे सर, तिचं नाही." ड तुकडीतली पोरं म्हणायची, "भोये सर आपल्यातले, म्हणून आपल्यालाच जास्त मारत्यात." आपल्या तुकडीला ते एक गुणही सोडत नसत. हे मला माहीत होतं, आणि पुढे जे झालं त्यात हे माहीत असणं माझ्या कामाला येऊ शकलं असतं.

त्यांची नेमणूक दोन वर्षांच्या प्रोबेशनवर होती. बायको आणि मुलगी गावीच होत्या. "कायम झालो की आणतो" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मखमलाबाद नाक्याजवळची एक शाळा त्यांनी मुलीसाठी बघून ठेवली होती. प्रवेशाचा अर्ज आणून, घडी घालून खडूच्या डबीत ठेवला होता. मोजायला डबी उघडली की तो कागद दिसायचा. एकदा मी विचारलं, "भरला का नाही अजून?" ते म्हणाले, "पत्ता लिहायचा राहिलाय. नाशिकचा लिहायचाय." कायम व्हायला तेव्हा चार महिने उरले होते.

आणि मग बारावीची प्रिलिम आली.

आमच्या कॉलेजात पेपर तपासायची एक पद्धत होती. प्रत्येक प्रश्नाला एकच तपासनीस. सगळ्या तुकड्यांच्या उत्तरपत्रिका लांब टेबलावरून पुढे सरकत जायच्या, आणि प्रत्येकजण आपला तेवढा प्रश्न तपासून गठ्ठा शेजारच्याकडे द्यायचा. आदर्श उत्तरं विभागप्रमुख लिहायचा, हिरव्या शाईने, आणि तो कागद टेबलाच्या मध्यभागी वजनाखाली ठेवलेला असायचा. त्यावर कुणी बोलायचं नाही, अशी रीत होती. ती रीत माझ्याआधीपासूनची, पण मी ती आवडीने पाळली.

त्या वर्षी मी पेपरात एक रेणू घातला जो आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हता. क्लोरीन ट्रायफ्लोराइड. एक क्लोरीन, त्याला तीन फ्लोरीन. प्रश्न जरा वरच्या दर्जाचा दिसावा म्हणून घातला. उत्तर मी माझ्या तक्त्यावरून लिहिलं. तीन बंध, म्हणून सपाट त्रिकोण. दोन गुण. मी मोजलं नाही. मी बावीस वर्षं हा विषय शिकवत होतो, मोजायची गरज वाटली नाही.

तो प्रश्न तपासायला भोयेंकडे आला. तपासणी सुरू होण्याआधी ते माझ्याकडे आले. टेबलाशी आणखी कुणी नव्हतं. "सर, तीनचा ब. उत्तर एकदा बघून घ्या."

"का?"

"दोन मोकळ्या जोड्या राहिल्यात."

मी वर न बघता म्हणालो, "भोये, तुम्ही तपासायचं. बघायचं काम माझं."

त्यांचा अंगठा पेरांवरून फिरला. मग ते जाऊन बसले आणि त्यांनी तपासायला घेतलं. ज्यांनी मोजून, मोकळ्या जोड्या दाखवून, आडवा पडलेला इंग्रजी टी काढला होता त्यांना दोन गुण. ज्यांनी सपाट त्रिकोण लिहिला होता त्यांना शून्य. माझ्या हिरव्या उत्तराखाली त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, "तीन ब: टी आकार. मो. भोये." लपवून काही केलं नाही.

आकार बरोबर काढणारी बहुतेक पोरं ड तुकडीची होती, कारण त्यांना मोजायला शिकवलं होतं. शून्य मिळालेली सगळी अ तुकडीची होती, कारण त्यांना मी शिकवलं होतं. अ तुकडीत संस्थेच्या अध्यक्षांची भाची होती. तिचा पहिला नंबर एका गुणाने गेला. दुसऱ्या दिवशी तिचे वडील माझी आदर्श उत्तरं मागून घेऊन प्राचार्यांच्या खोलीत होते. हिरव्या शाईत सपाट त्रिकोण लिहिलेला, आणि त्यांच्या मुलीने सपाट त्रिकोणच लिहिलेला. त्यांना पेन्सिलीचं कशाला दिसेल? त्यांनी विचारलं, "हे मास्तर आपल्या लोकांना मार्क वाटतात का?"

प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "सोमवारी समिती बसवतो. तुम्ही, मी, आणि संस्थेचे एक प्रतिनिधी. तुमचं उत्तर बरोबर आहे ना निकम सर?"

मी म्हणालो, "हो."

शनिवारी दुपारी मी ग्रंथालयात गेलो. रसायनशास्त्राच्या कपाटात सर्वांत वर एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, निळ्या कापडी पुठ्ठ्याचं. कधीतरी कुणी देणगी दिलेलं. मी स्टुलावर चढून ते काढलं आणि उभ्यानेच पान शोधलं. क्लोरीन ट्रायफ्लोराइड. पाच जोड्या, त्यातल्या दोन मोकळ्या. त्यांना जास्त जागा लागते म्हणून त्या मधल्या फेरीत बसतात. उरलेल्या तीन बंधांचा आकार टीसारखा. चित्रही होतं.

मी पुस्तक मिटलं. दोन गोष्टी करता आल्या असत्या. ते पुस्तक घेऊन प्राचार्यांच्या खोलीत जाता आलं असतं. खोली वीस पावलांवर होती. किंवा पुस्तक परत वर ठेवून घरी जाता आलं असतं. मी तिसरी केली. ते पुस्तक माझ्या नावावर घेतलं. ग्रंथपाल म्हणाले, "सर, हे आजवर कुणी नेलंच नव्हतं." मी म्हणालो, "बघू म्हटलं एकदा." घरी आणून कपाटात बायकोच्या साड्यांच्या खाली ठेवलं.

सोमवारी भोये समितीसमोर आले ते जास्त फिकट शर्टात. प्राचार्यांनी विचारलं, "आदर्श उत्तर डावलून गुण दिलेत, मान्य?"

"मान्य. उत्तर चुकलंय सर."

"बावीस वर्षांचा अनुभव असलेल्या विभागप्रमुखांचं?"

"अनुभवाने जोड्या कमी होत नाहीत सर."

प्रतिनिधी हसले. प्राचार्य हसले नाहीत. "पुरावा?"

"ग्रंथालयात निळ्या पुठ्ठ्याचं इंग्रजी पुस्तक आहे. वरच्या फळीवर. त्यात चित्र आहे."

प्राचार्यांनी घंटी वाजवून शिपायाला पाठवलं. तो येईपर्यंत आम्ही चहा घेतला. भोयेंना कप आला नव्हता. शिपाई परत आला. "नाय सायेब. इश्यू झालंय म्हणत्यात."

कुणाच्या नावावर, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. भोयेंनी माझ्याकडे पाहिलं. टेबलाखाली त्यांचा हात मला दिसत होता. अंगठा पहिल्या पेरावर गेला, दुसऱ्यावर गेला, आणि थांबला. मोजायला फार काही नव्हतंच.

मला वाटलं, आता ते माझं नाव घेतील. पण बिनपुराव्याचं बोलायचं नाही, हाही त्यांचाच नियम. ते म्हणाले, "दोन दिवस द्या सर. पुण्याहून पुस्तक आणतो."

"निर्णय आजच व्हायचाय," प्रतिनिधी म्हणाले. "अध्यक्षांना संध्याकाळी सांगायचंय."

"मग मी दाखवतो."

ते खुर्चीतून उठले, टेबलासमोर सरळ उभे राहिले आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. कोपर बाहेर, जरा मागे. "मी क्लोरीन. डोक्यावर एक फ्लोरीन, पायाखाली एक, आणि तिसरा समोर, तुमच्या बाजूला. हे दोन कोपर म्हणजे दोन मोकळ्या जोड्या. यांना जागा जास्त लागते, म्हणून..."

"हात खाली घ्या," प्राचार्य म्हणाले.

"सर, आकार..."

"भोये, हात खाली घ्या. चौकशीला आलात की भांडायला? कमरेवर हात ठेवून वरिष्ठांशी बोलतात?"

"हे शिकवायची पद्धत आहे सर. निकम सरांनी बघितलीय." ते माझ्याकडे वळले. हात अजून कमरेवरच होते. त्यांना वाटलं असावं, निदान एवढं तरी मी सांगेन. हे सांगायला पुस्तकही लागत नव्हतं.

प्राचार्यांनी विचारलं, "काय हो निकम सर? असं असतं तुमच्या विषयात?"

मी म्हणालो, "मी असं शिकवत नाही."

वाक्य खरं होतं. शब्दाने शब्द खरं. भोयेंनी हात खाली घेतले. एकदम नाही, आधी डावा, मग उजवा.

प्रोबेशनवरच्या माणसाला काढायला फार कारण लागत नाही. पत्राचा मसुदा प्राचार्यांनी मलाच करायला सांगितला. "काम व वर्तन समाधानकारक नाही." एवढंच. त्या पत्रात ना रेणूचं नाव होतं, ना पक्षपाताचं. इतिवृत्तात मात्र "वरिष्ठांसमोर उद्धट आविर्भाव" असे शब्द आहेत. तेही माझेच. अ तुकडीला दोन-दोन गुण वाढवून दिले, ड तुकडीचे कापले. बोर्डाच्या परीक्षेला त्या पोरांनी पुन्हा काही मोजायचं धाडस केलं की नाही, मला माहीत नाही.

शेवटच्या दिवशी भोयेंनी प्रयोगशाळेच्या किल्ल्या मला दिल्या आणि सही घेतली. खडूची डबी टेबलावर उपडी केली. तुकडे कॉलेजचे म्हणून ठेवले, डबी आणि घडी घातलेला अर्ज स्वतःचे म्हणून खिशात टाकले. जाताना स्टाफरूमची खिडकी लावून घेतली.

पुढच्या वर्षीपासून मी माझ्या नोट्स दुरुस्त केल्या. क्लोरीन ट्रायफ्लोराइड: टी. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्यांना मी आणखी एकदाच पाहिलं. दोन हजारनंतरची गोष्ट, निवृत्तीला दीड-दोन वर्षं उरली होती. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून मला वणीच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका आश्रमशाळेत पाठवलं. शाळेने जीप पाठवली होती. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची खोली. दारात ब्युरेटी धुऊन उलट्या लावून ठेवल्या होत्या, एका ओळीत, सारख्या अंतरावर. ते अंतर बघूनच मला कळलं.

"या सर," भोये म्हणाले. केस पांढरे झाले होते. तासिकेवर शिकवत होते, आणि परिचराची जागा रिकामी म्हणून बाटल्याही तेच भरत होते. मी विचारलं, "कसं काय?" ते म्हणाले, "बरं आहे." मुलगी कुठे शिकली, हे मी विचारलं नाही. दुपारी त्यांनी डबा आणला. नागलीची भाकरी, उडदाचं पिठलं. मला भूक लागली होती. मी दोन भाकरी खाल्ल्या. खाण्याआधी ते उठून खिडकी उघडायला गेले. मी म्हणालो, "राहू द्या." त्यांनी उघडलीच.

दुपारी तोंडी परीक्षा. एक मुलगी आली, दोन वेण्या, पायात चपला नव्हत्या. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी ठरवलंही नव्हतं, पण तोंडातून तोच प्रश्न गेला. "क्लोरीन ट्रायफ्लोराइडचा आकार?"

तिचा अंगठा पेरांवरून फिरला. "सात इलेक्ट्रॉन. तीन बांधलेले. दोन जोड्या मोकळ्या हायेत." मग ती एक पाऊल मागे गेली, सरळ उभी राहिली आणि तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले. कोपर बाहेर, जरा मागे. "डोकं येक, पाय येक, समोर येक..."

मागे मोरीवर बाटल्या विसळण्याचा आवाज थांबला.

"पोरी, हात खाली," भोये म्हणाले. आवाज अगदी हळू होता, समजावल्यासारखा. "सायबांसमोर हात खाली घ्यायचे. तोंडानं सांग."

मुलगी गोंधळली. हेच तर शिकवलं होतं तिला. तिने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि हात खाली घेतले. हात खाली आल्यावर तिला पुढचं आठवेना. दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबली.

मी म्हणू शकलो असतो, ठेव हात. चारच अक्षरं. मी कागदावर गुण लिहिले. पूर्ण दिले. त्याचा कुणाला काय उपयोग.

संध्याकाळी जीपमध्ये बसलो. गुणपत्रिकांचं सीलबंद पाकीट मी टेबलावरच विसरलो होतो. भोये ते घेऊन आले आणि खिडकीतून माझ्या हातात दिलं. ड्रायव्हर काच पुसत होता. ते खाली वाकले आणि त्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "सर, ते पुस्तक वाचून झालं असेल तर ग्रंथालयात देऊन टाका. कुणाला तरी लागेल."

त्यात टोमणा नव्हता. मी पुष्कळ वेळा आठवून पाहिलं आहे, नव्हता.

मी म्हणालो, "कुठलं पुस्तक?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जीपच्या खिडकीच्या कडेवर त्यांचा उजवा हात होता. अंगठा एकदा हलला आणि थांबला.

"राहू द्या," ते म्हणाले. "घाटात सावकाश जा."

जीप निघाली. बाजूच्या आरशात ते दिसत होते, वळण येईपर्यंत. फाटकाशी उभे होते. दोन्ही हात सरळ खाली, मांडीला चिकटलेले.